मराठवाड्यात डोंगर आहेत का? (भाच्याला दाखवायचेत, मार्गदर्शन हवे)

चिंचबोटुक (सोमवार, रात्री ९.४२)

माझा भाचा पुण्यात असतो. दर शनिवारी पाठीवर पिशवी टाकून कुठल्या ना कुठल्या गडावर. गणपतीत लातूरला आला होता, तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "मावशी, तुमच्याकडं डोंगर म्हणजे खडी क्रशरवाल्यांनी उरवून ठेवलेले ढिगारे." त्याच्या ताटात तेव्हा माझ्याच हातची येसर आमटी होती, तरी बोलला.

तर आता इज्जतीचा सवाल आहे. दिवाळीनंतर चार दिवस काढलेत. आम्ही पाच जण: मी, नवरा (गाडी तेच चालवणार, दर चाळीस मिनिटांनी चहा लागतो), अकरा वर्षांची लेक, भाचा आणि माझी आई. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे बोलतात, पण घरी थांब म्हटलं की रुसते.

अजिंठा-वेरूळ सगळ्यांचं दोनदा झालंय. देवगिरी शाळेच्या सहलीत झालाय. कन्नड-सोयगावकडच्या डोंगरात किल्ले आणि लेणी आहेत असं ऐकून आहे. मुक्काम कुठं करावा? आईला काय झेपेल? आणि खरं सांगा, त्या पोराचं तोंड बंद होईल असं काही आहे का तिकडं?

मोसंबीबाग (९.५१)

वाचनखूण साठवली. येसर आमटीची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका.

सातमाळ्याचा_सोबती (१०.१५)

राम राम ताई. मी कन्नडचाच, अद्रकवाला शेतकरी. तुमच्या भाच्याचं एका अर्थानं बरोबर आहे, पण ते त्याला सांगू नका.

झालंय काय, आपला अजिंठ्याचा डोंगर, ज्याला आम्ही सातमाळा म्हणतो, तो आपल्या बाजूनं दिसतच नाही. संभाजीनगरहून कन्नडला साठेक किलोमीटर या, गाडी हळूहळू चढत असते आणि तुम्हाला कळतही नाही. वावरंच वावरं, मका, कपाशी, अद्रक. आणि मग एकदम जमीन संपते. समोर खाली सगळा खानदेश. म्हणजे आपण डोंगराच्या पायथ्याला नाही, माथ्यावर राहतो. इथले बरेचसे गड या माथ्याच्या काठावर, नाहीतर काठापासून तुटलेल्या नाकावर आहेत. त्यामुळं पुण्याकडच्यासारखं "तो बघा गड, चला चढू" असं इकडं नसतं. इकडं आधी उतरायचं, आणि दमून भागून परत येताना चढायचं. आईच्या गुडघ्यांचा विचार याच हिशोबानं करा. जाताना सगळेच "अरे काहीच नाही" म्हणतात.

मुक्काम कन्नडला करा. साधी हॉटेलं आहेत, फार अपेक्षा ठेवू नका. चहाची सोय बक्कळ.

गारवा_हवा (१०.३३)

दिवाळीनंतर?? चूक. सातमाळा श्रावणातच बघावा. पितळखोऱ्याच्या लेण्यांजवळचा धबधबा, गौताळ्याच्या जंगलातलं धुकं, रुद्रेश्वराच्या लेण्यासमोरून पडणारं पाणी. नोव्हेंबरात तुम्हाला गवत दिसेल, वाळलेलं.

सातमाळ्याचा_सोबती (१०.४०)

श्रावणात धबधबा दिसतो, आणि धबधब्याखाली बाटल्या फोडणारी गर्दीपण दिसते. ऑगस्ट २०२१ च्या शेवटाला एका रात्रीच्या पावसात आमच्या कन्नड घाटात दरड आली, रस्ता गाळानं भरला, गाड्या अडकल्या. म्हातारं माणूस आणि लेकरू घेऊन पावसात नकाच येऊ. दिवाळीनंतर हवा कोरडी, वाटा दिसतात, टाक्यांत पाणी असतं. फक्त एक: रस्त्यावर अर्ध्या भागात मका वाळत घातलेला असतो. त्यावरून गाडी नेलीत तर मालक धावत येतो, आणि त्याचं बरोबर असतं.

दगडफूल (११.२०)

धागा बघून राहवलं नाही. पितळखोऱ्यावर कुणीच नीट बोलत नाही म्हणून जरा लांब लिहितो.

चिंचबोटुक, तुम्ही अजिंठा दोनदा बघितलाय. पितळखोरं म्हणजे कन्नड तालुक्यातली बौद्ध लेणी, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. दगड ठिसूळ, त्यामुळं बरंच कोसळलंय. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, "एवढंच?" तिथं घाई करायची नाही. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, समोरून अंगावर येणारी. त्यांच्या बाजूला दाराशी दोन द्वारपाल उभे, अंगात शिवलेला अंगरखा, हातात भाला आणि ढाल. धोतर-उपरण्यातली शिल्पं बघायची सवय झालेल्या डोळ्यांना ते अंगरखे फार गमतीचे वाटतात. जवळच पाच फण्यांचा नाग आहे. मागच्या दगडात झिरपणारं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर यावं म्हणून भोकं पाडलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची प्लंबिंग. लेकीला ही भोकं शोधायला लावा.

इथं सापडलेला एक ठेंगणा, ढेरपोट्या, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या तळहाताच्या मागं कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. घडवणाऱ्याचं नाव तेवढ्या जुन्या काळात क्वचित सापडतं. आणि सोनारानं दगड घडवला, याचं मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

शेवटची गोष्ट आपल्या लोकांसाठी. चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, खांबावर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यातला एक पैठणचा, गंधिक घराण्यातला मितदेव. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आपल्या भाषेत अत्तरवाला. तेव्हा पैठणहून माल घेऊन घाट उतरून जाणारी वाट इथूनच असणार, नाहीतर अत्तरवाला इतक्या आडरानात खांब कशाला देईल?

अर्धी_भाकर (११.३४)

त्या अत्तरवाल्यावरूनच माझा किस्सा.

चार वर्षांपूर्वी आम्ही सहा मित्र पितळखोऱ्याला गेलो. आमच्यातला एक नुकताच दुबईहून आलेला, अंगावर अर्धी बाटली अत्तर. पायऱ्या उतरलो, ओढ्यावरचा लोखंडी पूल ओलांडला, आणि वर बघतो तर कड्याला काळी पोती लटकलेली. पोती नव्हेत, आग्या मोहळं. पहिली माशी त्याच्या कानामागं बसली. दुसरी मला. मग मोजणं बंद केलं.

आम्ही पळालो ते वर. म्हणजे ज्या पायऱ्या उतरताना गाणी म्हणत उतरलो होतो त्याच. निम्म्यात माझा श्वास संपला, मी खाली बसलो आणि अंगातला शर्ट काढून डोकं झाकलं. एक गुराखी पोरगं, बारा-तेरा वर्षांचं, अंगावरची घोंगडी माझ्यावर टाकून शांतपणे म्हणालं, "काका, हलू नका, वरडू नका." पंधरा मिनिटं त्या घोंगडीत होतो. शेळीचा, धुराचा, पावसाचा असा वास होता तिला. अजूनही तो वास आला की मला बरं वाटतं.

नंतर जवळच्या एका दवाखान्यात गेलो तर डॉक्टर जेवायला गेलेले. शिपायानं चिमट्यानं काटे काढले. माझ्या कपाळातून अकरा निघाले. दुबईवाल्याचं तोंड दोन दिवस दगडफूल म्हणतात त्या यक्षासारखं होतं.

तात्पर्य नाही, सूचना आहे: अत्तर नको, सिगारेट नको, आरडाओरडा नको, भडक कपडे नकोत. पोळं दिसलं तर मागं फिरा.

मोसंबीबाग (११.४१)

मितदेवानं खांब दिला म्हणून त्याला माश्यांनी सोडलं असेल.

दगडफूल (११.४३)

:))) आज प्रतिसाद बंद. हसून हसून बायको जागी झाली.

बालाघाटी (मंगळवार, सकाळी ७.१०)

रात्रभरात फक्त कन्नड कन्नड. मराठवाडा म्हणजे काय फक्त संभाजीनगर जिल्हा? ताई लातूरच्या, त्यांच्या वाटेत आमचा बीड लागतो. बालाघाट हा डोंगर नाही का? सौताड्याचा धबधबा, कपिलधार, धारूरचा किल्ला, त्याच्या तटावरून दिसणाऱ्या दऱ्या. आणि मपलं म्हणणं असं की सीताफळ खायचं असेल तर बालाघाटाचंच. आमच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, उगीच नाही.

सातमाळ्याचा_सोबती (७.२५)

मानांकन असू द्या. दौलताबादच्या घाटात रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन बसतात बाया, त्यांच्याकडचं एकदा खा.

बालाघाटी (७.२८)

खाल्लंय. बिया होत्या.

पैनगंगेचं_पाणी (८.०५)

भांडा तुम्ही. आमच्या माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर, रामगड किल्ला आणि खाली पैनगंगा, सगळं एका ठिकाणी. सहस्रकुंडही जवळच. पण नांदेडच्या पलीकडं मराठवाडा आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

चिंचबोटुक (९.३०)

बाप रे, सकाळी उघडलं तर एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. बालाघाटी, वाटेत कपिलधार करू, नक्की. माहूर आईचं झालंय, तिचं कुळदैवतच ते. पण या खेपेला सातमाळाच. अर्धी_भाकर, तुमचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला, त्यांनी अत्तराची बाटली कपाटात वरच्या खणात ठेवली.

प्रश्न अजून आहेत. गौताळ्यात वाघ आहे का? लेकीला हवाय, आईला नकोय.

केळीचं_पान (१०.०२)

मी चाळीसगावचा, म्हणून आधी माफी मागतो. पण तुमच्या भाच्याला खरा सातमाळा बघायचा असेल तर आमच्या बाजूनं बघायला आणा. कन्नडचा भाऊ म्हणतो तसं तुम्ही माथ्यावर राहता, डोंगर म्हणून जो काही दिसतो तो आम्हाला दिसतो. पाटणादेवीला उभं राहून वर बघा, मान दुखते. आणि भास्कराचार्यांचा वारसाही तिथलाच. त्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख पाटणच्या देवळात आहे. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. शेवटच्या काही ओळी मराठीत आहेत.

सातमाळ्याचा_सोबती (१०.०९)

पाटणादेवी खानदेशात आहे.

केळीचं_पान (१०.११)

हो. पण मागचा डोंगर तुमचा. फोटो काढायला आमच्याकडून या, चढायला तुमच्याकडून जा. आणि पाणी तर आमच्याकडंच येतं.

दगडफूल (१०.३०)

निम्मंच येतं. त्या माथ्यावरचा पाऊस दक्षिणेला वळला तर शिवना, पूर्णा, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातो, उत्तरेला वळला तर गिरणा नाहीतर वाघूर, मग तापी आणि अरबी समुद्र. एका शेताच्या दोन बांधांवरचं पाणी दोन समुद्रांना. वाटणीत एवढं न्याय्य फार कमी ठिकाणी झालंय.

वाघाचं: गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं, साधारण २६० चौरस किलोमीटर, बरंचसं संभाजीनगर जिल्ह्यात, बाकी जळगावात. बिबट्या, अस्वल, कोल्हे, नीलगाय आहेत. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत इथपर्यंत आला होता, कॅमेऱ्यात टिपलाय. लेकीला सांगा एक आला होता, आईला सांगा आला तेव्हा कित्येक जिल्हे चालून आला, दमलेला होता.

आणि औट्रम म्हणजे आउट्रम, खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. लोकांनी त्याच्या नावाचं औट्रम करून टाकलं आणि आता ते मराठीच वाटतं.

गारवा_हवा (१०.५५)

किल्ल्यांचं कोणीच बोलेना. माझं आवडतं अंतूर. नागापूरच्या पुढं जावं लागतं, शेवटचा टप्पा कच्चा, खाली लागणारी गाडी नेऊ नका. गडाच्या अलीकडं वाटेत एक चौकोनी दगडी खांब उभा आहे. त्याच्या चारही बाजूंना फारसीत लिहिलंय, ही वाट अंतूरला, ही नागापूरला, ही चाळीसगावकडं, अशी. निजामशाहीतला दिशादर्शक. आजचे हिरवे बोर्ड पावसात वाकतात, तो अजून उभा आहे. मी चुकलो होतो एकदा, नेटवर्क नव्हतं, तेव्हा त्या खांबाजवळ उभा राहून हसत होतो. फारसी येत असती तर पोचलो असतो.

अर्धी_भाकर (११.१०)

+१. अंतूरचे दरवाजे आणि त्यामधली वळणं बघण्यासारखी. भाच्याला एवढा एक गड पुरे.

फडताळ (११.४८)

बराच वेळ वाचतेय, आता बोलते. मी सोयगाव तालुक्यातली, सध्या नोकरीनिमित्त बाहेर. हे सगळं इथं उघड लिहिताय, वाचून बरं वाटतं आणि भीतीही वाटते. आमच्या गावाजवळच्या एका लेण्यात मागच्या पावसाळ्यात कोणीतरी भिंतीवर बदाम काढून दोन नावं लिहून गेलं, ऑइल पेंटनं. माझे वडील रॉकेल आणि चिंध्या घेऊन गेले, पुसायला. निम्मं पुसलं, मग कोणीतरी सांगितलं की रॉकेलनं दगड खराब होतो, म्हणून थांबले. आता तिथं अर्धा बदाम आहे. नाव फक्त मुलीचं राहिलंय.

येऊ नका असं नाही म्हणत. पण "कोणालाच माहीत नसलेली जागा" असं म्हणून व्हिडिओ टाकला की आठवड्यात शंभर मोटारसायकली येतात. गावाला त्यातून मिळतं काय? पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

गारवा_हवा (१२.१५)

पण माहितीच नसेल तर जपणार तरी कोण? अंतूरला मी दहा वर्षांपूर्वी गेलो तेव्हा तटावर झाडी इतकी की दगड दिसेना. लोक यायला लागले, ओरड झाली, मग साफसफाई झाली.

फडताळ (१२.२२)

ओरड होण्याआधी पेंट पोचतो, एवढंच म्हणणं आहे. बाकी तुम्ही म्हणता तेही खरं.

सातमाळ्याचा_सोबती (१२.४०)

ताईंचं बरोबर. आमच्या बांधाला लागून धबधब्याची वाट जाते. लोक गाडी वावरात लावतात, विचारत नाहीत. मागं एकानं अद्रकीच्या वाफ्यात लावली आणि म्हणाला, "गवतच तर आहे." अद्रक आहे बाबा ती, अठरा महिन्यांचा जीव लावलाय.

मोसंबीबाग (१२.४४)

अठरा महिने?

सातमाळ्याचा_सोबती (१२.४६)

बरं, काढायला उशीर केला तर. भाव पडला होता.

फडताळ (दुपारी २.०५)

चिंचबोटुक, तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. उलट आमच्याकडं याच. सिल्लोड-उंडणगावहून हळद्याच्या घाटानं या. घाटात गाडी थांबवली की वेताळवाडीचा किल्ला समोर, जवळपास डोळ्यांच्या उंचीवर. तिथून आईंना गाडीजवळ बसून सगळा किल्ला दिसतो. बाकीच्यांनी जंजाळा दरवाजाकडून जावं, दरवाजावर शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलाय. वर अंबारखान्याच्या, म्हणजे धान्यकोठाराच्या, घुमटाखाली लेकीला टाळी वाजवायला सांगा. काठावर दोन कमानींचा हवामहाल आहे, खाली सोयगाव, धरण, आणि संध्याकाळी वारा असा की ओढणी हातात धरावी लागते. आम्ही वाडीचा किल्लाच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी अंभईवरून जंजाळा. तिथं भाच्याची मजा बघा. गाव आणि गड एकाच सपाटीवर आहेत. आणि गावापासून दरीत उतरलं की घटोत्कच लेणी. लेख आहे तिथं वराहदेवाचा, वाकाटक हरिषेण राजाच्या सचिवाचा. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं त्याच्याच दानातलं. तिथं वाट विचारत जा, गावातलं पोरगं बरोबर घ्या, आणि त्याला पैसे द्या. वेफर्सचं पाकीट नव्हे, पैसे.

चिंचबोटुक (रात्री १०.१०)

ठरलं. दिवस पहिला वाटेत कपिलधार आणि कन्नड मुक्काम. दुसरा पितळखोरं, गौताळा. तिसरा वेताळवाडी. चौथा जंजाळा, घटोत्कच आणि परत. अंतूर पुढच्या खेपेला, आमची गाडी खाली लागते. आल्यावर लिहीन.

बालाघाटी (१०.१२)

आधी आमच्याकडचं सीताफळ, मग तिकडचं. क्रम पाळा.

मोसंबीबाग (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. ताई, माश्यांनी सोडलं का?

चिंचबोटुक (दुसऱ्या दिवशी, दुपारी ३.१८)

आलो, आलो. लग्नसराईच्या गडबडीत लिहायचं राहिलं. ते का, ते शेवटी येतंच.

पितळखोरं. पोळी होती, माश्या शांत होत्या, आम्हीही. पायऱ्यांच्या तोंडाशी आईनं खाली बघितलं, आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथं हाय." तिथं एक म्हाताऱ्या बाई भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा घेऊन बसलेल्या, आई त्यांच्याशेजारी टेकली. लेकीनं नागाची भोकं शोधली, दगडफूल, पाचही फण्यांत बोट घालून आली. मी तिला हात लावू नको म्हणेपर्यंत झालं होतं. धबधबा म्हणजे कड्यावरून उतरणारी एक ओली रेघ. गारवा_हवा, तुम्ही म्हणालात ते खरं, पण गर्दीही नव्हती. लेण्यात आम्ही चौघं आणि पारवे.

भाचा गप्प होता, पण तो बऱ्याचदा गप्प असतो. वर येताना मात्र दोनदा थांबला. मी विचारलं नाही.

हळद्याच्या घाटात नवऱ्यानं चहासाठी गाडी थांबवली, चहाची टपरी नव्हती, किल्ला होता. भाचा म्हणाला, "मावशी, हा गड आपल्याच लेव्हलला कसा?" मी म्हटलं, "आपण चढून आलोय ना, लातूरपासून." अंबारखान्यात लेकीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली, मग आतून वटवाघळं निघाली आणि नवरा सगळ्यांत आधी बाहेर. हवामहालात बसून घरून नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाली सोयगावकडं दिवे लागत होते. फडताळ, तुमच्या ओढणीचं बरोबर आहे, माझी अर्ध्या वाटेवर बाभळीला अडकली.

खरी गंमत जंजाळ्याला. गाव ओलांडून सपाटीनं चालत गेलो, तटाच्या आत शिरलो, आणि हा विचारतो, "चढायचं कुठून?" बरोबर घेतलेलं गावातलं पोरगं त्याच्याकडं बघत राहिलं. मग म्हणालं, "दादा, चढून झालं. आता उतरायचंय." घटोत्कचला उतरताना भाचा सगळ्यांच्या पुढं, उड्या मारत. येताना ते पोरगं पुढं, चपला हातात घेऊन. भाचा मागं, पुण्याचे महागडे बूट घालून. वर आल्यावर पाणी पिऊन म्हणाला, "हे उलटं आहे." एवढंच. लातूरला परतताना गाडीत मोबाईलवर तिकडचाच सुतोंडा किल्ला शोधत होता, मी आरशात बघितलं. क्रशरचं नाव नाही काढलं.

आणि ते लग्नाचं. आई शेंगावाल्या बाईंजवळ बसली होती ना, आम्ही दोन-अडीच तासांनी वर आलो तर दोघी हातात हात घालून रडत होत्या. म्हटलं झालं काय? आईच्या सख्ख्या मामीचं माहेर आणि त्या बाईंचं माहेर एकच गाव निघालं, मानवतजवळचं. दोघींनी एकाच विहिरीवरून पाणी आणलंय म्हणे, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी. बाईंच्या नातीचं तुळशीच्या लग्नानंतर लग्न होतं, पिशोरला. आईनं तिथंच शब्द दिला. म्हणून मागच्या आठवड्यात आम्ही परत कन्नड तालुक्यात, या खेपेला नऊवारीत. आईचे गुडघे मांडवात अजिबात बोलले नाहीत.

फडताळ (३.४०)

त्या पोराला पैसे दिलेत ना?

चिंचबोटुक (३.४२)

दिले. आईनं वर एक धपाटा दिला, तो त्यानं आधी घेतला.

सातमाळ्याचा_सोबती (४.०१)

ताई, थांबा. पिशोरचं लग्न, गेल्या रविवारचं? मांडवाच्या दाराला केळीचे खुंट, आणि जेवणात डाळबट्टी?

चिंचबोटुक (४.०३)

हो!! तुम्हाला कसं माहीत?

सातमाळ्याचा_सोबती (४.०५)

डाळ मीच वाढत होतो. तुमच्या आईंनी तीनदा घेतली.